शोधणाऱ्यांचा वाटाड्या : हान्स पीटर लून

जाडजूड ग्रंथ हाताशी असावा, पण हवी ती माहिती नेमकी कोणत्या पानावर आहे हे कळू नये, यासारखी चिडचीड नाही. जे सापडत नाही ते ज्ञान असून नसल्यासारखेच. संगणकाच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका म्हणजे तर शब्दांचे अरण्यच! त्या अरण्यात आज एक शब्द टाइप केला की वाट सापडते. ही वाट आखणाऱ्या पहिल्या काही माणसांत हान्स पीटर लून यांचे नाव माहितीशास्त्राचे अभ्यासक आदराने घेतात.

लून यांचा जन्म १८९६ मध्ये जर्मनीतील बार्मेन गावी झाला. वडील मुद्रक. घरचा व्यवसाय पुढे चालवायचा म्हणून मुलगा स्वित्झर्लंडला मुद्रणकला शिकायला गेला. पण पहिले महायुद्ध पेटले आणि त्याला सैन्यात जावे लागले. युद्धानंतर तो कापडधंद्यात शिरला आणि त्याच ओघात अमेरिकेत पोहोचला. तेथे कापडातील धागे मोजण्याचे 'लुनोमीटर' त्याने तयार केले. घरात असलेल्या बाटल्यांतून कोणकोणती कॉकटेल करता येतील, हे दाखवणारे एक गमतीदार साधनही त्याने काढले. आहे त्यातून हवे ते शोधण्याची ही आवडच पुढे कामी आली.

१९४१ मध्ये लून 'आयबीएम' कंपनीत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय लेखांचा नुसता पूर आला होता. १९४७ च्या सुमारास जेम्स पेरी आणि माल्कम डायसन हे रसायनतज्ज्ञ आयबीएमकडे आले. रासायनिक संयुगांची माहिती यंत्राने शोधता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. तो लून यांच्या मनात घर करून राहिला. १९५३ मध्ये त्यांनी कंपनीतील एका टिपणात एक युक्ती मांडली. यादी पहिल्यापासून चाळत बसण्याऐवजी शोधायच्या गोष्टीवरून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या कप्प्यात थेट हात घालायचा. 'हॅशिंग' म्हणतात ते हेच. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकात एखादा अंक चुकला तर तो पकडणारी ताळ्याची रीतही त्यांचीच. तिचे पेटंट १९६० मध्ये मिळाले.

यंत्राला अर्थ कळत नाही, मग ते लेख कसे निवडणार? लून यांनी प्रश्नच फिरवला. अर्थ कळायची गरज काय? शब्द मोजता येतात! फार वेळा येणारे 'आणि', 'पण' यांसारखे शब्द वगळायचे, क्वचित येणारेही बाजूला ठेवायचे. उरलेले शब्द ज्या वाक्यांत दाटीने येतात ती वाक्ये महत्त्वाची. याच तत्त्वावर लेखाचा गोषवारा संगणकाकडून काढून घेण्याची पद्धत त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली.

त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या परिषदेत त्यांची 'क्विक' सूची लोकांपुढे आली. समजा, शीर्षक आहे 'फाइलमधील ओळी अकारविल्हे लावणे'. या सूचीत ते तीनदा छापले जाते. एकदा 'फाइल' खाली, एकदा 'ओळी' खाली आणि एकदा 'अकारविल्हे' खाली. प्रत्येक वेळी मुख्य शब्द मधल्या रकान्यात आणि सोबतचे शब्द दोन्ही अंगांना. शोधणाऱ्याला कोणताही एक शब्द आठवला तरी पुरे. माणसांना ज्या कामाला महिने लागत, ते यंत्र झटपट उरकू लागले. रसायनशास्त्राच्या लेखांसाठी ही सूची लवकरच नियमित निघू लागली. पुढे १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेच्या 'युनिक्स' प्रणालीच्या माहितीपुस्तिकांनाही याच धर्तीची सूची जोडली गेली. आज्ञेचे नाव ठाऊक नसले, तरी ती काय करते या वर्णनातल्या शब्दावरून प्रोग्रॅमरला तिच्यापर्यंत पोहोचता येऊ लागले.

या पद्धतीला मर्यादा होतीच. शीर्षकात जो शब्द नाही, तो सूचीत कुठून येणार? 'गाळणे' असे लिहिलेले 'वगळणे' शोधणाऱ्याला सापडत नाही. त्यामुळे नेमके शीर्षक देण्याची जबाबदारी लेखकावर आली. आजची शोधयंत्रे समानार्थी शब्दही ओळखतात, पण शब्द मोजणे, वगळणे आणि सूचीत लावणे हा त्यांच्या कामाचा पाया अजून सुटलेला नाही.

लून १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. ऐंशीहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर होती. छापखाना चालवण्यासाठी शिकलेल्या या मुद्रकाच्या मुलाने तो चालवला नाही. छापलेले मात्र सगळ्यांना सापडेल अशी सोय करून ठेवली.