तळघरातली रेल्वे

स्मरणिकेसाठी छंदावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं आणि मला जॉन अ‍ॅलन आठवले. छोट्या आगगाड्यांचा नाद ज्यांना आहे, त्यांच्यात या अमेरिकन माणसाचं नाव आजही आदरानं घेतात.

जन्म १९१३ चा. लहानपणी तापाच्या आजारानं हृदय अधू झालं ते कायमचं. पुढे कॅलिफोर्नियात फोटोग्राफीचा धंदा केला, काटकसरीनं पैसे गुंतवले आणि १९४६ मध्ये, ऐन तिशीत, धंदा सोडून माँटेरे गावी राहायला गेले.

तिथं त्यांनी पहिली रेल्वे बांधली ती जेमतेम एका कॉटएवढी. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे चाळीस फुटांचा डबा साडेपाच इंचांचा! नाव ठेवलं 'गोर अँड डाफेटिड'. दिसायला भारदस्त, पण भरभर म्हणून बघा, इंग्रजीत त्याचं 'रक्तबंबाळ आणि पराभूत' होतं. असा मिश्किल माणूस.

रेल्वे वाढत गेली, पण ती कॉटएवढी जुनी टाकून दिली नाही. मोठीत सामावून घेतली. १९५३ च्या सुमारास घेतलेल्या घराच्या तळघरात तिसरी, शेवटची उभारणी सुरू झाली. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, खोल दऱ्या, त्यांवर पूल. खोली मोठी भासावी म्हणून मधेच आरसे बसवलेले. त्या काळी लोक मॉडेलं चकचकीत ठेवत. अ‍ॅलन मात्र नव्याकोऱ्या डब्यांना गंज, धूळ, काजळी रंगवायचे. (आपण नव्या फ्लॅटच्या भिंतीला साधा टाचणीचा ओरखडा सहन करत नाही!) कारण खरी रेल्वे मळलेलीच असते.

आणि ही रेल्वे नुसती बघायची नव्हती. मित्र जमायचे, वेळापत्रकाप्रमाणे गाड्या धावायच्या. डब्याच्या टपावरच्या लहानशा रंगीत खुणेवरून तो कुठल्या स्टेशनात सोडायचा ते कळे. शंटिंगला इंजिनांबरोबर एम्मा नावाचा एक प्लास्टिकचा डायनोसॉरही होता, क्रमांक १३. थोड्याशा रुळांवर डब्यांची अदलाबदल करण्याचं 'टाइमसेव्हर' नावाचं कोडंही त्यांचंच. मॉडेल रेलरोडर मासिकात ते १९७२ मध्ये छापून आलं, आणि लोक अजून त्यात डोकं खुपसून बसतात.

जवळजवळ वीस वर्षं तळघरात काम चालू होतं. मुख्य मार्ग जोडायला थोडंच उरलं होतं. जानेवारी १९७३ मध्ये त्या अधू हृदयानं दगा दिला. वय एकोणसाठ. पुढे दहाच दिवसांनी तळघराला आग लागली. थंडी म्हणून हीटर लावला होता, त्यातून लागली म्हणतात. डोंगर, पूल, ती पहिली कॉटएवढी रेल्वेसुद्धा, जवळजवळ सगळं गेलं.

मागे राहिले ते फोटो. अ‍ॅलन मुळात फोटोग्राफरच, त्यामुळे ढीगभर काढून ठेवलेले. त्यांत ते मळके डबे दरीवरच्या पुलावर तसेच उभे आहेत.