‘सेल्फ’चा जनक : चार्ल्स केटरिंग



गेल्या हिवाळ्यातील एका शनिवारचा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. शाळा नुकतीच सुटली होती. किला गेटपाशी, जेथून गुजरी महालाकडे व पुढे किल्ल्याच्या चढणीकडे वाट जाते, तेथे एक जुनी, लांबरुंद विलायती मोटार झेंडूच्या माळांनी शृंगारून उभी होती. आत नवरदेव बसला होता, पुढे वाजंत्री खोळंबली होती आणि मोटार काही केल्या सुरू होत नव्हती. चालक किल्ली फिरवी, आतून ‘खट्’ असा एकच आवाज येई आणि पुन्हा सारे शांत! दिवे मात्र लखलखीत लागत होते. आपल्या वरच्या वर्गांतील सात-आठ मुलांनी दप्तरे भिंतीशी टेकवून मोटार ढकलण्याची तयारी दाखविली. परंतु जवळच्या गॅरेजमधून आलेल्या वृद्ध मिस्त्रींनी त्यांना हसून थांबविले. त्या मोटारीचे गिअर आपोआप पडणारे असल्यामुळे ती कितीही ढकलली तरी इंजिन फिरणार नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. अखेर नवरदेव ई-रिक्षात बसून मुहूर्त गाठावयास गेला आणि ती राजेशाही मोटार रात्रभर किल्ल्याच्या छायेत उभी राहिली.

दुसरे दिवशी सकाळी मी मुद्दाम पाहावयास गेलो. दिवे प्रखर लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे. खट् आवाज येतो, म्हणजे किल्लीचा निरोप पोहोचतो. तरी इंजिन फिरत नाही, म्हणजे दोष ‘सेल्फ’मध्ये आहे, असे मिस्त्रींचे निदान होते. इंजिनास पहिला फेरा देणाऱ्या विजेच्या मोटरला आपल्याकडे गॅरेजपासून घरापर्यंत सर्वजण ‘सेल्फ’ म्हणतात. मिस्त्रींनी प्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडविली. कारण सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलमध्ये वीज सदैव हजर असते आणि पान्याचा चुकून लोखंडास स्पर्श झाला, तर हात भाजल्याशिवाय राहत नाही. मग मोटारीची पुढील बाजू उचलून तिला खालून भक्कम आधार दिला. जुन्या ऐषारामी मोटारीचे इंजिन मोठे, भोवतालची जागा मात्र अगदी चिंचोळी. धुराच्या नळीमागे दडलेले ते जड यंत्र बाहेर काढण्यातच सकाळ गेली. उघडून पाहिले, तो आतील कार्बन झिजून नखाएवढे उरलेले आणि तारांचे वेढे जळून काळे झालेले. नुसते कार्बन बदलून भागण्यासारखे नव्हते. सेल्फ बदलणे प्राप्तच होते.

नवा सेल्फ हाती असूनही मिस्त्रींनी तो लगेच बसविला नाही. त्यांनी आधी जुन्या व नव्या सेल्फच्या चिमुकल्या चाकाचे दाते मोजून ताडून पाहिले. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून त्याच्या मोठ्या चाकाचा प्रत्येक दाता तपासला. कारण तेथे एखादा दाता तुटका असेल, तर नवा सेल्फही थोड्याच दिवसांत खराब व्हावयाचा. मगच सेल्फ बसला, जाड केबल घट्ट झाली आणि बॅटरीची सोडविलेली केबल सर्वांत शेवटी जोडली गेली. किल्ली फिरताच इंजिन जागे झाले.

सोमवारी वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले की, हे यंत्र प्रथम कोणाला सुचले आणि त्यापूर्वी लोक मोटार कशी सुरू करीत? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच चार्ल्स केटरिंग यांचे चरित्र होय.

१८७६ या वर्षाशी आपल्या ग्वाल्हेरकरांचे जुने नाते आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात माधवराव महाराज शिंदे जन्मास आले. महाराजांस यंत्रांची विलक्षण आवड. भोजनाच्या मेजावरून चांदीची आगगाडी फिरविणारे हेच महाराज. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावरील चाचण्यांत नाव मिळविलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस मोटार पुढे त्यांनीच खरेदी केली. पण त्या काळच्या एवढ्या मौल्यवान मोटारीसही विजेचा सेल्फ नव्हता. थंड इंजिन जागे करावयाचे, तर कोणीतरी पुढे वाकून हँडल मारावयाचे, हाच नियम. राजाची मोटार असो वा व्यापाऱ्याची, हँडलापुढे सर्व सारखेच! हे हँडल मोठे दगाबाज असे. इंजिनात ठिणगी वेळेआधी पडली की ते उलट झटका देई आणि मनगट वा हात मोडे.

माधवराव महाराजांच्या जन्माआधी दोनच महिने, २९ ऑगस्ट १८७६ रोजी, अमेरिकेच्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळील एका शेतकऱ्याच्या घरी चार्ल्स केटरिंगचा जन्म झाला. मुलगा जिज्ञासू, पण दैवाने त्याला दृष्टी अधू दिली होती. थोडे वाचन झाले की डोळे दुखत, डोके ठणके. शालेय शिक्षण संपवून तो खेड्यातील एका शाळेत शिक्षक झाला. पुढे विद्यापीठात गेला. परंतु डोळ्यांनी असा दगा दिला की शिक्षण अर्ध्यावर सोडून परत यावे लागले.

अशा वेळी पुष्कळांनी नशिबास बोल लावला असता. केटरिंगने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम धरले. खांबांसाठी खड्डे खणणे, तारा ओढणे, उघड्या माळावर राबणे, असे ते श्रमाचे जीवन होते. त्यात डोळ्यांना विसावा मिळाला आणि विजेची विद्या पुस्तकाऐवजी हातांनी शिकावयास मिळाली. काही काळाने तो पुन्हा विद्यापीठात दाखल झाला. खोलीतील सोबती मोठ्याने वाचून दाखवीत आणि तो ऐकून ध्यानात ठेवी. अशा रीतीने १९०४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, केटरिंग विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

त्याच वर्षी डेटन शहरातील एका कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. तेथे दुकानदारांसाठी पैशांचा हिशेब ठेवणारी गल्ल्याची यंत्रे तयार होत. ही यंत्रे हाताने फिरवावी लागत. ती विजेवर चालविण्याचे काम केटरिंग यांच्याकडे आले. गल्ल्याच्या लहानशा यंत्रात मोठी मोटर मावणार कशी? तेव्हा त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही. गिऱ्हाइकाने पैसे दिले की क्षणभर फिरते आणि मग स्वस्थ राहते. पंख्याच्या मोटरला अखंड फिरावे लागते, म्हणून तिच्यावर बेताचाच भार टाकता येतो. पण जिला क्षणभरच राबावयाचे आहे, ती लहान असली तरी त्या क्षणापुरता मोठा भार पेलू शकते. तापण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असते! या विचारातून विजेचा गल्ला तयार झाला.

पुढे एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारात केटरिंग व त्यांचे सोबती नोकरीचे तास संपल्यावर मोटारीच्या विद्युत उपकरणांवर प्रयोग करू लागले. १९०९ साली त्यांनी नोकरी सोडली. डीड्स यांच्यासह स्थापन केलेला त्यांचा उद्योग ‘डेल्को’ या नावाने प्रसिद्ध झाला. कॅडिलॅक मोटारींचे निर्माते हेन्री लेलँड यांनी त्यांची ठिणगी पाडण्याची नवी योजना स्वीकारली होती. या लेलँड यांच्या एका मित्राला बंद पडलेल्या मोटारीचे हँडल मारताना जबर दुखापत झाली आणि पुढे तो दगावला, असे सांगतात. आणि त्या दुःखातूनच लेलँड यांनी हँडलाचा नायनाट करण्याचा निश्चय केला, अशीही कथा आहे.

जाणत्या मंडळींचे मत अनुकूल नव्हते. इंजिन फिरवू शकेल अशी विजेची मोटर जवळजवळ इंजिनाएवढीच होईल आणि तिच्या बॅटऱ्यांसाठी निराळी गाडी जोडावी लागेल, असे त्यांचे गणित होते. गणितात चूक नव्हती. चूक होती ती प्रश्नात. मोटरने किती जोर लावावयाचा, एवढेच त्यांनी विचारले. केटरिंग यांनी आणखी एक प्रश्न विचारला : किती वेळ? उत्तर होते, काही क्षण! गल्ल्याने शिकविलेला धडा त्यांनी मोटारीस लावला. मोटरच्या लहान चाकाचे थोडे दाते इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या अनेक दात्यांत गुंतविले की, विहिरीवरील रहाटाप्रमाणे थोड्या बळात मोठे काम साधते. शिवाय इंजिन एकदा सुरू झाले की तेच यंत्र उलट इंजिनाकडून फिरून वीज निर्माण करी आणि खर्च झालेली वीज बॅटरीत परत भरी. फेब्रुवारी १९११ मध्ये हे यंत्र कॅडिलॅकवर बसले आणि १९१२ च्या नमुन्याच्या मोटारी ते घेऊनच बाजारात आल्या. काही वर्षांतच हँडल मागे पडले. ज्यांच्या बाहूंत फारसे बळ नाही अशा स्त्री-पुरुषांनाही आता परक्या हाताची वाट न पाहता मोटार सुरू करता येऊ लागली.

पुढे डेल्को जनरल मोटर्स या मोठ्या कंपनीत सामील झाली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तेथील संशोधनाचे प्रमुख होते. लवकर वाळणारे रंग आणि आगगाड्यांची डिझेल इंजिने यांच्या विकासात त्यांचा मोठा वाटा आहे. अपयशही त्यांनी पाहिले. तांब्याच्या पात्यांनी, म्हणजे पाण्यावाचून, थंड राहणारे त्यांचे इंजिन १९२३ साली बाजारातून मागे घ्यावे लागले.

पण चरित्रकाराने केवळ गुणांचीच नोंद करून थांबू नये. १९२१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना असे आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले असता इंजिनाची ठोकर थांबते. शिसे विषारी आहे हे वैद्यांस पूर्वीच ठाऊक होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात ते संयुग तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मृत्यू पावले. तरीही केटरिंग त्या पेट्रोलच्या बाजूनेच उभे राहिले. मोटारींच्या धुरातील ते शिसे अनेक दशके जगभरातील बालकांच्या रक्तात उतरत राहिले. आपल्या देशात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील शेवटच्या देशात २०२१ साली. ज्या पुरुषाने सेल्फच्या वेळी किती वेळ, हा प्रश्न विचारून जगावर उपकार केले, त्याच पुरुषाने हे विष हवेत व शरीरात किती काळ राहील, हा प्रश्न तितक्याच कठोरपणे विचारला नाही. बुद्धिमान माणसाचाही एक प्रश्न राहून जातो आणि त्याचे मोल भलत्यांनाच द्यावे लागते.

आयुष्याच्या उत्तरार्धात केटरिंग यांनी आपली संपत्ती शिक्षण व वैद्यकीय संशोधनाकडे वळविली. कर्करोगाच्या अभ्यासासाठी १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या संस्थेस आल्फ्रेड स्लोन यांच्या नावासह त्यांचे नाव देण्यात आले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, डेटन येथे त्यांचे देहावसान झाले.

मित्रहो, त्या रविवारी निघालेला जुना सेल्फ मिस्त्रींनी मोटारीच्या मालकांच्या संमतीने आपल्या शाळेला दिला आहे. विज्ञानाच्या खोलीतील खालच्या फडताळात तो ठेवला आहे. तो हाती घेऊन त्याचे वजन अजमावा. झिजलेले कार्बन आणि जळालेले वेढे पाहा. लहान चाकाचे दाते मोजा. एवढीशी वस्तू एवढी अजस्र मोटार कशी जागी करी, याचे नवल वाटले, तर केटरिंग यांनी स्वतःस विचारलेला प्रश्न आठवा. आणि जो प्रश्न त्यांच्याकडून राहून गेला, तोही विसरू नका.