विनू मंकड : नियम पाळूनही बदनाम झालेले नाव

बंगळुरूच्या एम. चिन्नास्वामी मैदानावर १० एप्रिल २०२३ रोजी आयपीएलच्या सामन्यात लखनौला अखेरच्या चेंडूवर एक धाव हवी होती. बंगळुरूचा गोलंदाज हर्षल पटेल याने चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या रवी बिश्नोईला धावबाद करण्याचा प्रयत्न केला. पहिल्या प्रयत्नात त्याचा हात यष्ट्यांना लागला नाही. नंतर त्याने चेंडू फेकून यष्ट्या उडवल्या, मात्र पंचांनी बिश्नोईला बाद दिले नाही. लखनौने सामना एका गड्याने जिंकला आणि त्याचबरोबर एका थोर अष्टपैलू खेळाडूचे नाव पुन्हा चर्चेत आले.

मूलवंतराय हिंमतलाल तथा विनू मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर इथे झाला. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी एक हजाराहून अधिक धावा करत शंभराहून अधिक बळी घेतले.

पुढच्याच वर्षी भारतीय संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. सिडनीतल्या एका सराव सामन्यात मंकड यांनी बिल ब्राउन यांना आधी ताकीद दिली आणि नंतर धावबाद केले. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी कसोटीत ब्राउन पुन्हा पुढे सरकले आणि मंकड यांनी त्यांना पुन्हा धावबाद केले. ऑस्ट्रेलियातल्या वृत्तपत्रांतून टीका झाली. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात मंकड यांची बाजू उचलून धरली. तरीही बाद करण्याच्या या पद्धतीला मंकडिंग हे नाव चिकटले आणि अखिलाडूपणाचा ठपका त्यांच्या वाट्याला आला.

बेसबॉलमध्ये तळ सोडून पुढे सरकलेल्या धावपटूला चेंडू फेकून बाद करणे हा खेळाचा नित्याचा भाग मानला जातो. क्रिकेटमध्ये मात्र दोष गोलंदाजालाच दिला गेला.

याच मंकड यांनी १९५२ साली मद्रास कसोटीत १२ बळी घेत भारताला इंग्लंडविरुद्धचा पहिला विजय मिळवून दिला. त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. १९५६ साली पंकज रॉय यांच्यासोबत त्यांनी रचलेली ४१३ धावांची सलामी २००८ पर्यंत विश्वविक्रम होती. ४४ कसोटींत २,१०९ धावा आणि १६२ बळी मिळवणाऱ्या मंकड यांचे २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत निधन झाले.

२०२१ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ऑक्टोबर २०२२ पासून हा नियम अनुचित खेळाच्या कलमातून काढून धावबादच्या कलमात घालण्यात आला. गोलंदाजाचा हात सर्वोच्च बिंदूला पोहोचण्यापूर्वी फलंदाजाने क्रीझ सोडली होती का, हे ठरवण्याचे काम पंचांचे आहे. गोलंदाजाच्या नीतिमत्तेचा निवाडा त्यात येत नाही. मंकड यांना हा न्याय मिळायला मात्र ७५ वर्षे लागली.