पाठ ९ : न दिसणाऱ्या रेषा

वाचण्याआधी

घरात दोन चुंबक असतील तर हातात घ्या. एकमेकांना टेकू न देता हळूहळू जवळ आणा. ते एकमेकांकडे ओढले जातात. आता एक चुंबक उलटा करा. आता ते एकमेकांना ढकलतात. मध्ये तर काहीच नाही, नुसती हवा! मग ढकलतं कोण?

हा प्रश्न डोक्यात ठेवा आणि पुढे वाचा. ज्या माणसाची ही गोष्ट आहे, त्याने हा प्रश्न जन्मभर सोडला नाही.

१. पुस्तकं बांधणारा मुलगा

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार होते. त्यांची तब्येत बरी नसायची, त्यामुळे रोज काम होत नसे. काम नाही, तर पैसेही नाहीत. मायकेलला शाळेत जेमतेम लिहिणं, वाचणं आणि थोडी आकडेमोड शिकायला मिळाली. बीजगणित त्याच्या वाट्याला कधी आलंच नाही.

१८०४ साली तो जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला. आधी गिऱ्हाइकांकडे वर्तमानपत्रं पोचवायची आणि परत आणायची, एवढंच काम होतं. पुढच्या वर्षी सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली. पानं शिवायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. रीबो चांगले मालक होते. बांधायला आलेलं पुस्तक मुलाने वाचलं, तर ते रागवत नसत.

एके दिवशी मायकेलच्या हातात विश्वकोशाचा एक खंड आला. त्यात विजेवर मोठा लेख होता. दुसरं एक पुस्तक जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं होतं. त्यात रसायनशास्त्र गप्पांच्या रूपात सांगितलं होतं. मायकेलने दोन्ही वाचून काढली. पण नुसतं वाचून त्याचं समाधान होईना. लिहिलंय ते खरं आहे का, हे तो स्वतः करून बघायचा.

१८१२ साली त्याने एक गंमत केली. तांब्याची सात हाफपेनी नाणी घेतली. जस्ताच्या सात चकत्या कापल्या. कागदाचे सहा तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवले. नाणं, जस्त, ओला कागद, परत नाणं, जस्त, ओला कागद, अशी चळत रचली. झाली बॅटरी तयार!

२. डेव्हींच्या दारात

त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने मायकेलला हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे सगळ्यात गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांची व्याख्यानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्हायची. मायकेलने प्रत्येक व्याख्यान नीट टिपून घेतलं. घरी येऊन ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, आकृत्या काढल्या. मग जे काम त्याला उत्तम येत होतं तेच केलं. त्या पानांचं पुस्तक बांधलं आणि नोकरीच्या विनंतीसह डेव्हींना पाठवून दिलं.

डेव्हींनी त्याला भेटायला बोलावलं, पण तेव्हा जागा रिकामी नव्हती. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतला एक मदतनीस मारामारीमुळे काढला गेला. डेव्हींना बाइंडरच्या दुकानातला तो मुलगा आठवला. १ मार्च १८१३ रोजी मायकेल कामावर रुजू झाला. बाटल्या धुणं, साहित्य मांडणं, प्रयोगात मदत करणं, सगळं तो करू लागला.

आता इथून पुढे मी 'तो' सोडून 'ते' म्हणणार आहे. मराठीत आपण हा बदल का करतो, हे स्वाध्यायात विचारलंय, बरं का!

३. सुई आडवी का वळली?

१८२० साली डेन्मार्कमधल्या ओर्स्टेड यांनी सगळ्यांना चकित केलं. तारेतून वीज सोडली, की जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे वीज आणि चुंबक यांचं काहीतरी नातं होतं!

पण सुई तारेकडे ओढली जात नव्हती. ती आडवी वळत होती. पृथ्वी सफरचंदाला सरळ आपल्याकडे ओढते. सगळे शक्तीचा विचार तसाच करायचे: दोन वस्तू आणि त्यांना जोडणारी सरळ रेघ. मग ही शक्ती आडवी कशी?

फॅरेडेंनी सुई तारेच्या एका बाजूला ठेवली, मग दुसऱ्या बाजूला, मग वर, मग खाली. प्रत्येक ठिकाणी ती कुठे वळते ते पाहिलं. हळूहळू एक चित्र तयार झालं. शक्ती तारेभोवती गोल फिरत होती. देवळाला प्रदक्षिणा घालतात ना, तशी.

मग त्यांनी विचार केला: असं असेल, तर तार चुंबकाभोवती गोल फिरायला हवी! सप्टेंबर १८२१ मध्ये त्यांनी भांड्यात पारा ओतला, मधोमध चुंबक उभा केला आणि वरून एक तार सोडली. तारेचं टोक पाऱ्यात बुडलेलं होतं. वीज सोडली आणि तार चुंबकाभोवती गरगर फिरू लागली. तुमच्या घरातला पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन, या सगळ्यांच्या मोटरची सुरुवात त्या भांड्यात झाली.

पण हा आनंद फार दिवस टिकला नाही. वोलास्टन नावाचे मोठे शास्त्रज्ञ अशाच प्रश्नावर आधीपासून काम करत होते. फॅरेडेंनी घाईघाईत लेख छापला आणि त्यात त्यांचा उल्लेख केला नाही. लोक म्हणू लागले, की कल्पना चोरली. फॅरेडेंना हे फार लागलं. १८२४ साली रॉयल सोसायटीत त्यांची निवड व्हायची वेळ आली, तेव्हा विरोध केला तो खुद्द डेव्हींनी. तरीही निवड झाली. पण ज्यांनी दार उघडलं होतं, त्यांनीच ते लावायचा प्रयत्न केला होता.

४. थांबलेला चुंबक गप्प असतो

विजेपासून चुंबक होतो, तर चुंबकापासून वीज होईल का? फॅरेडेंनी अनेकदा प्रयत्न केले. दर वेळी काहीच झालं नाही.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडाची एक कडी घेतली. सुमारे ६ इंच व्यासाची. तिच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळले, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे. तेव्हा प्लॅस्टिकची वायर मिळत नव्हती. तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांनी मध्ये सुती दोरा आणि कापड घातलं. पहिली तार बॅटरीला जोडायची होती. दुसऱ्या तारेजवळ चुंबकाची सुई ठेवली होती.

बॅटरी जोडली. सुईने झटका घेतला आणि लगेच पुन्हा जागेवर आली. बॅटरी चालूच होती, पण सुई स्थिर. बॅटरी काढली. परत झटका!

यातलं गुपित तुम्हाला कळलं का? वीज चालू असताना काही होत नव्हतं. ती सुरू होताना आणि बंद होताना होत होतं. म्हणजे महत्त्वाचा होता तो बदल. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ गुंडाळीत चुंबक सरकवला. सुई हलली. चुंबक आतच ठेवला. सुई गप्प. बाहेर काढला. सुई उलट्या बाजूला हलली.

आता माझं सांगतो. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो. दहावीला फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम मला तोंडपाठ होता. अंगठा इकडे, पहिलं बोट तिकडे. पेपरात हात वळवून उत्तर लिहिलं, मार्कही मिळाले. पण चुंबक हलवल्यावर तारेत वीज का येते, असं कोणी विचारलं असतं, तर मी गप्प बसलो असतो. खूप वर्षांनी फॅरेडेंचं चित्र समजलं, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

ते चित्र असं आहे. दाराला लावलेला मण्यांचा पडदा आठवा. माळांमध्ये हात नुसता धरून ठेवला तर आवाज होत नाही. हात फिरवला, की माळा वाजतात. हात थांबवून पडदा हलवला, तरीही वाजतात. चुंबकाभोवती अशाच न दिसणाऱ्या रेषा आहेत, असं समजा. तार म्हणजे तुमचा हात. तार रेषांना छेदत गेली, की तिच्यात वीज जागी होते. थांबली, की गप्प.

२८ ऑक्टोबरला फॅरेडेंनी मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली. ती फिरत होती तोवर वीज मिळत राहिली. हे जगातलं पहिलं जनित्र. नायगाराचा धबधबा असो की महाराष्ट्रातलं कोयना धरण, पाण्याच्या जोरावर आजही हेच फिरवणं चालू आहे. तुमच्या फोनचा वायरलेस चार्जर तर त्या लोखंडी कडीचा पणतूच म्हणायचा!

५. गणित न येणारा शास्त्रज्ञ

त्या काळचे मोठे विद्वान विजेचा अभ्यास गणिताने करत. फॅरेडेंना ती समीकरणं वाचताच येत नव्हती. त्यांना ही उणीव बोचत असे. पण त्यांच्याकडे दुसरं काहीतरी होतं. ते कागदाखाली चुंबक ठेवत आणि कागदावर लोखंडाचा कीस टाकत. कीस आपोआप कमानीसारख्या रेषांत बसे. गणिती लोक दोन वस्तूंमधलं अंतर मोजायचे. मधली जागा त्यांच्या लेखी रिकामी होती. फॅरेडे त्या रिकाम्या जागेकडेच बघत बसले. ती रिकामी नाहीच, असं त्यांना वाटू लागलं. खरी गोष्ट तिथेच घडते आहे!

बऱ्याच विद्वानांना हे पटलं नाही. सूत्र नाही, समीकरण नाही, नुसती चित्रं. त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मग एक तरुण पुढे आला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल. जन्म १८३१, म्हणजे फॅरेडेंच्या त्या शोधाच्याच वर्षी! त्याचं गणित अफाट होतं. त्याने फॅरेडेंचं लिखाण मन लावून वाचलं आणि ओळखलं, की ही नुसती चित्रं नाहीत. यात गणितच आहे, फक्त वेगळ्या भाषेत. चोविसाव्या वर्षी त्याने फॅरेडेंच्या रेषांवर निबंध लिहिला.

निबंध पाहून फॅरेडे आधी घाबरलेच. एवढं गणित! पण आपली कल्पना त्यात टिकून राहिली, हे पाहून त्यांना आनंद झाला. तेव्हा ते पासष्टीचे होते आणि गोष्टी विसरू लागले होते. १८५७ साली त्यांनी मॅक्सवेलला एक पत्र लिहिलं. गणिताने सापडलेली उत्तरं नंतर साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील, असं त्यांनी विचारलं. जगप्रसिद्ध म्हातारा माणूस पंचविशीच्या मुलाला, मला समजेल असं सांग, म्हणत होता. त्यांना त्याची लाज वाटली नाही.

पुढे मॅक्सवेलने त्या रेषांवरून समीकरणं मांडली आणि प्रकाश हीसुद्धा विजेची आणि चुंबकाची लाट आहे, असं दाखवलं. तसा अंदाज फॅरेडेंनी १८४६ सालीच बोलून दाखवला होता. पण नुसत्या चित्राने तो सिद्ध झाला नसता, आणि चित्र नसतं तर समीकरणं कशाची मांडायची, हेच कळलं नसतं.

फॅरेडेंनी 'सर' ही पदवी घेतली नाही. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. पण नाताळात मुलांसाठी व्याख्यानं द्यायला मात्र ते आनंदाने उभे राहत. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते गेले.

तर मुलांनो, वर्गात एखादी गोष्ट कळली नाही, तर पाठ करून पुढे पळू नका. मला समजेल असं सांगा, असं विचारा. मराठीत विचारलंत तरी चालेल, आणि चुकत चुकत विचारलंत तरी चालेल.

शब्दार्थ

उमेदवारी – काम शिकण्यासाठी मालकाकडे राहून केलेली नोकरी
खळ – कागद चिकटवण्यासाठी पिठाची केलेली चिकी
चळत – एकावर एक रचलेला ढीग
सुवाच्य – सहज वाचता येईल असं
उणीव – कमतरता
बोचणे – मनाला टोचत राहणे
जनित्र – वीज तयार करणारं यंत्र

करून बघा

चुंबकावर पांढरा कागद ठेवा. त्यावर लोखंडाचा कीस किंवा बारीक टाचण्या हळूहळू टाका. कागदाला टिचकी मारा. दिसलेलं चित्र वहीत काढा आणि खाली मराठीत तीन वाक्यं लिहा. (भिंतीतल्या प्लगशी कोणताही प्रयोग करू नका!)

स्वाध्याय

१. मायकेलने डेव्हींना काय पाठवलं? ते त्याला चांगलं का जमलं?
२. बॅटरी चालू असतानाही सुई स्थिर का राहिली? मण्यांच्या पडद्याचं उदाहरण देऊन सांगा.
३. डेव्हींनी विरोध केला, तेव्हा फॅरेडेंना काय वाटलं असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
४. पाठात 'तो' चं 'ते' कुठे झालं? तुमच्या घरी तुम्ही कोणाला 'तो' म्हणता आणि कोणाला 'ते'?
५. तुम्ही पाठ केलेली, पण न कळलेली एक गोष्ट लिहा. ती कोणाला विचाराल?