देवावरचा विश्वास माणसात आला कुठून? हा प्रश्न विचारून धर्मगुरूंची झोप उडवणारा डेव्हिड ह्यूम

स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग शहरात रॉयल माईल नावाचा जुना रस्ता आहे. तिथं डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा ब्राँझचा पुतळा बसवलाय. सगळा पुतळा हिरवट पडलेला, पण पायाचा अंगठा मात्र सोन्यासारखा चमकतो. कारण परीक्षेला जाणारी पोरं आणि फिरायला आलेले पर्यटक येता-जाता तो अंगठा चोळतात. त्यानं नशीब उघडतं म्हणे.

ज्या माणसाच्या पुतळ्याला हे लोक हात लावतात, त्यानं माणूस असं का वागतो याचाच शोध घेतला होता. जे आपल्या हातात नाही, त्याची भीती वाटते आणि त्याची आशाही वाटते. या भीती-आशेच्या कात्रीत सापडलेला माणूस अदृश्य शक्तीला हात जोडतो आणि धर्माची सुरुवात तिथून होते, असं ह्यूमचं म्हणणं होतं.

आज हे वाचून कुणी फार तर कमेंटमध्ये चार शिव्या देईल. तेव्हाचं प्रकरण वेगळं होतं.

ह्यूमचा जन्म १७११ चा. त्याच्या १४ वर्षं आधी, ८ जानेवारी १६९७ ला, याच एडिनबर्गमध्ये थॉमस एकनहेड नावाच्या २० वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी दिलं होतं. गुन्हा काय, तर मित्रांमध्ये बसून बायबलची टिंगल केली. त्याच मित्रांनी साक्षी दिल्या. पोरानं पश्चात्ताप व्यक्त केला, दयेचा अर्ज केला, पण उपयोग झाला नाही. ईश्वरनिंदेसाठी ब्रिटनमध्ये फाशी गेलेला तो शेवटचा माणूस. शेवटचा हे आपल्याला आज माहितीय, ह्यूमच्या पिढीला ते माहिती असण्याचं कारण नव्हतं.

ह्यूमचं घराणं जमीनदाराचं, पण श्रीमंत नव्हे. दोन वर्षांचा असताना वडील गेले, आईनं तीन लेकरांना वाढवलं. लहानपणी तो चांगलाच धार्मिक होता. तेव्हाच्या एका गाजलेल्या धार्मिक पुस्तकातून त्यानं दुर्गुणांची यादी काढली होती आणि त्यातलं आपल्यात काय काय आहे, हे तो तपासत बसायचा. खून, चोरी ही कलमं त्यानं वगळली होती, कारण ती करायची संधीच मिळत नव्हती! पुढं घरच्यांना वाटलं पोरगा वकील होईल. पोरगा कायद्याच्या पुस्तकांआड लपवून रोमन लेखक वाचत होता.

विशीत तो फ्रान्समधल्या ला फ्लेश या गावी जाऊन राहिला. तिथं जेझुइट पाद्र्यांचं मोठं कॉलेज होतं. एकदा तिथल्या ओवरीत फिरताना एक पाद्री त्याला आपल्या मठात घडलेल्या चमत्काराची गोष्ट सांगत होता. ह्यूमला वाद घालायची खुमखुमी आली. चमत्काराची साक्ष देणारा माणूस चुकला असेल किंवा फसला असेल, ही शक्यता निसर्गाचा नियम मोडल्याच्या शक्यतेपेक्षा नेहमीच जास्त नाही का, असा त्याचा मुद्दा. पाद्री विचारात पडला. मग म्हणाला, हे बरोबर असू शकत नाही, कारण हाच मुद्दा मग बायबलमधल्या चमत्कारांनाही लागू पडेल. ह्यूमनं हे उत्तर मोठ्या आदरानं मान्य केलं आणि मुद्दा डोक्यात जपून ठेवला.

तिथंच लिहिलेलं त्याचं पहिलं पुस्तक १७३९-४० मध्ये आलं. पण चमत्कारांचा भाग त्यानं आधीच कापून टाकला होता. जोसेफ बटलर या विद्वान धर्मगुरूला हस्तलिखित दाखवायचं होतं, त्याला राग येऊ नये म्हणून. एवढं करूनही पुस्तक पडलं ते पडलंच. नावाला डाग मात्र लागला. १७४५ मध्ये एडिनबर्ग विद्यापीठातली प्राध्यापकाची जागा हुकली, १७५२ मध्ये ग्लासगोची. दोन्ही वेळा धर्मगुरूंचा विरोध आडवा आला. आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जाणारा हा तत्त्वज्ञ आयुष्यात कधीच प्राध्यापक होऊ शकला नाही. मधल्या काळात, १७४८ मध्ये, चमत्कारांवरचं प्रकरण त्यानं छापून टाकलं. तोवर गमावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, असंच म्हणायचं.

खरा बॉम्ब अजून यायचा होता. १७५७ मध्ये आलेल्या त्या निबंधाचं नाव होतं 'द नॅचरल हिस्टरी ऑफ रिलिजन', म्हणजे धर्माचा नैसर्गिक इतिहास. नावातच सगळं आलं. झाडांचा, प्राण्यांचा अभ्यास करावा तसा धर्माचा करायचा.

ख्रिस्ती मत असं होतं की सुरुवातीला माणसाला एका देवाचं शुद्ध ज्ञान होतं, पुढं माणूस बिघडला आणि अनेक देव, मूर्ती वगैरे मागून आलं. ह्यूमनं हे चित्र उलटं केलं. तो म्हणाला, आदिम माणूस पोट भरण्यात आणि जीव वाचवण्यात गुंतलेला. सृष्टीची सुंदर रचना बघून हिचा कर्ता कोण असेल, असा विचार करायला त्याला उसंत कुठली? त्याला दिसत होती रोगराई, वादळं, दुष्काळ, मरण. यामागची कारणं कळत नव्हती. आणि माणसाला एक सवय असते, ती म्हणजे सगळीकडं आपल्यासारखंच कुणीतरी पाहण्याची. चंद्रात चेहरा दिसतो, ढगांत सैन्य दिसतं. तसंच न दिसणाऱ्या कारणांनाही त्यानं राग, लोभ, माया असलेलं मन देऊन टाकलं. पावसाला एक देव, युद्धाला एक, बाळंतपणाला एक. पुरावा म्हणून तो जुगारी आणि खलाशी यांच्याकडं बोट दाखवतो. गंभीर विचाराशी यांचा फारसा संबंध नसतो, पण शकुन-अपशकुन सगळ्यात जास्त तेच पाळतात, कारण त्यांचं सगळंच दैवावर अवलंबून.

मग एक देव कसा आला? ह्यूमचं उत्तर फारच खोचक आहे. तो म्हणतो, खुशामतीतून. भक्त आपल्या देवाची स्तुती वाढवत नेतात, दुसऱ्याच्या देवापेक्षा आपला मोठा करतात, आणि असं करता करता तो सर्वशक्तिमान, अनंत होऊन बसतो. पण इतका मोठा देव लांबचा वाटायला लागतो, म्हणून मधे संत, देवदूत येतात आणि लंबक परत अनेक देवांकडं झुकतो. वर त्यानं हेही लिहिलं की अनेक देव मानणारे लोक दुसऱ्यांच्या देवांना सामावून घेतात, एकच देव मानणाऱ्यांना मात्र बाकीचे सगळे खोटे वाटतात.

ग्लॉस्टरचा पुढं बिशप झालेला विल्यम वॉरबर्टन हे वाचून खवळला. त्यानं प्रकाशक अँड्र्यू मिलरवर दबाव आणला. हा माणूस नास्तिकताच पसरवतोय, असं त्याचं म्हणणं. आत्महत्या आणि आत्म्याचं अमरत्व या विषयांवरचे दोन निबंध याच पुस्तकात छापून तयार होते. ते शेवटच्या क्षणी अक्षरशः कापून काढावे लागले. धर्माच्या निबंधातलीही काही वाक्यं ह्यूमनं मवाळ केली. वॉरबर्टननं मित्र रिचर्ड हर्डच्या मदतीनं त्याच वर्षी उत्तर छापलं. त्याआधी स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेत ह्यूमवर कारवाईची मागणी झाली होती. तिथं त्याला कुणी वाचवलं माहितीय? पाद्र्यांनीच. ह्यू ब्लेअरसारखे मवाळ धर्मगुरू त्याचे जिवलग दोस्त होते, जेवायला बसायचे, वाद घालायचे. ते मधे पडले आणि १७५६ मध्ये प्रस्ताव बारगळला.

ह्यूमनं निबंधाच्या सुरुवातीलाच एक पळवाट ठेवली होती. धर्माला बुद्धीचा आधार आहे का हा एक प्रश्न आणि धर्म माणसाच्या स्वभावात कुठून उगवला हा दुसरा. आपण फक्त दुसऱ्याबद्दल बोलतोय, असं तो म्हणाला. विरोधकांना हा बुरखा वाटला, आणि थोडा तो होताही. पण वादाची खरी गाठ तिथंच आहे. विश्वास भीतीतून आला हे सिद्ध झालं, तरी तो खोटा ठरतो का? स्टुअर्ट गथ्री या मानववंशशास्त्रज्ञानं १९९३ मध्ये 'ढगांतले चेहरे' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं आणि धर्म म्हणजे जगात माणूस पाहण्याची सवय, असा सिद्धांत मांडला. तर जस्टिन बॅरेट हा मानसशास्त्रज्ञ, स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, म्हणतो की मेंदूला अशी सवय आहे हे मान्य, पण त्यावरून देव नाही असं निघत नाही. मला विचाराल तर तर्कात बॅरेट चुकत नाही. पण लोकांच्या मनावरची पकड ह्यूमच्या प्रश्नाचीच जास्त, कारण उगम कळला की मूळची जरब कमी होते. वॉरबर्टनला हीच भीती होती.

ह्यूम स्वतः नास्तिक होता का? त्यानं स्वतःला तसं कधी म्हटलं नाही. १७६० च्या दशकात तो पॅरिसच्या वकिलातीत नोकरीला असताना बॅरन दॉलबाककडं जेवायला गेला. मी तर अजून खरा नास्तिक पाहिला नाही, असं तो सहज बोलून गेला. यजमानानं सांगितलं की या टेबलावर १८ जण बसलेत, त्यातले १५ नास्तिक आहेत आणि तिघांचं अजून ठरलेलं नाही.

घरच्या गावी मात्र उलटा प्रकार. एडिनबर्गमधला किस्सा सांगतात की नवीन घराकडं जाताना हा जाडजूड माणूस दलदलीत पडला. मासे विकणाऱ्या एका म्हातारीनं त्याला ओळखलं आणि आधी ख्रिस्ती प्रार्थना म्हण, मगच हात देते, अशी अट घातली. त्यानं निमूटपणे म्हटली. पुढं तो हा प्रसंग स्वतःच रंगवून सांगायचा आणि ती बाई आपल्याला भेटलेली सगळ्यात हुशार धर्मपंडित, असं म्हणायचा.

१७७६ मध्ये पोटाच्या आजारानं तो खंगला. आता सगळ्या शहराचं लक्ष एकाच गोष्टीकडं होतं. मरण समोर आल्यावर हा देवाला हाक मारतो का? त्याच्याच सिद्धांताची ही परीक्षा होती, कारण धर्म मरणाच्या भीतीतून येतो असं त्यानंच लिहिलं होतं. ७ जुलैच्या रविवारी जेम्स बॉझवेल चर्च चुकवून त्याच्याकडं गेला. ह्यूम हाडांचा सापळा झाला होता, पण मजेत गप्पा मारत होता. हातात पुस्तक होतं जॉर्ज कॅम्पबेलचं. हा तोच ॲबर्डीनचा धर्मगुरू, ज्यानं १७६२ मध्ये ह्यूमच्या चमत्कारांवरच्या मुद्द्याला सविस्तर उत्तर दिलं होतं! मरणानंतर काही असेल ही शक्यता तरी मानता का, असं बॉझवेलनं विचारलं. शक्यता काय, निखाऱ्यावर टाकलेला कोळसा पेटणार नाही हीसुद्धा असते, अशा अर्थाचं उत्तर आलं. श्रद्धाळू बॉझवेल हादरून बाहेर पडला. पुढं त्यानं हे डॉ. सॅम्युअल जॉन्सनला सांगितलं, तर जॉन्सननं विश्वासच ठेवला नाही. ह्यूम दिखावा करत होता, असं त्याचं मत.

२५ ऑगस्टला ह्यूम शांतपणे गेला. मित्र ॲडम स्मिथनं त्याच्या शेवटच्या दिवसांवर एक पत्र लिहिलं, ते १७७७ मध्ये छापून आलं. त्यात फक्त एवढंच होतं की हा माणूस हसत-खेळत गेला आणि माणसाला शक्य आहे तितका तो शहाणा आणि सद्गुणी होता. ऑक्सफर्डच्या जॉर्ज हॉर्न या धर्मगुरूनं निनावी पुस्तिका काढून स्मिथला झोडपलं. स्मिथचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथ नुकताच आला होता आणि त्यात त्यानं ब्रिटनच्या सगळ्या व्यापारी धोरणाची चिरफाड केली होती. पण त्या ग्रंथासाठी खाल्ल्या त्याच्या दहापट शिव्या मित्राच्या मरणावरच्या या पत्रासाठी खाल्ल्या, असं स्मिथनं नंतर एका परिचिताला कळवलं. ह्यूमचं धर्मावरचं शेवटचं पुस्तक छापायची जबाबदारी घ्यायला तो आधीपासूनच तयार नव्हता. ते १७७९ मध्ये ह्यूमच्या पुतण्यानं छापलं.