पहाटे दोनचा दिवा : सुभेदार रामजी सकपाळ

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्वत्तेपुढे आपण सारे नतमस्तक होतो. परंतु त्या विद्येसाठी पहिले कर्ज कोणी काढले, याचे स्मरण क्वचितच होते. विद्यालयाच्या या स्मरणिकेत आम्ही त्या पित्यास, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांना, अभिवादन करीत आहोत.

रामजींचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. लष्करी शाळेत त्यांनी १४ वर्षे मुख्याध्यापक म्हणून सेवा केली. कबीरपंथाची शिस्त त्यांनी प्रथम स्वतःस लावून घेतली आणि मगच मुलांना लावली. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचे चौदावे अपत्य, भिवा, जन्मास आले. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीस व पुढे साताऱ्यास आले. तेथे माता भीमाबाईंचे निधन झाले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. ती अवहेलना थांबविणे पित्याच्या हाती नव्हते. मुलाचा अभ्यास मात्र त्यांच्या हाती होता, आणि त्यात त्यांनी कसूर केली नाही. इंग्रजी व गणित ते स्वतः घरी शिकवीत.

पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एकच खोली मिळाली. तीत चूल, जाते, सरपण आणि बकरीही. अभ्यासास शांतता मिळे ती केवळ मध्यरात्रीनंतर. म्हणून रामजी मुलाला लवकर निजवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत, त्याला उठवून दिव्याजवळ बसवीत आणि मगच अंग टेकीत. मुलाने नवे पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला, की ते विवाहित लेकीच्या दारी जात, तिचा दागिना मागून गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन मिळताच सोडवून परत करीत. स्वाभिमानी सुभेदाराने लेकीपुढे हात पसरणे सोपे नव्हते.

पितापुत्रांत मतभेदही झाले. पदवीनंतर भीमरावांनी बडोद्यास नोकरीस जावे, हे रामजींना मान्य नव्हते. भीमराव गेले, थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा रामजींचे प्राण जणू त्यांच्याचसाठी अडले होते. मुलाच्या पाठीवरून हात फिरला आणि तो थांबला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. कोलंबिया, लंडन, महाड, संविधान, धम्मदीक्षा यांपैकी काहीही त्या पित्याने पाहिले नाही.

मुलांना विद्या शिकविणे हे सिगालोवाद सुत्तात मातापित्यांचे कर्तव्य मानले आहे. आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी पेटी ठेवून मागे न पाहता निघून जाणारे पालक आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मागे पाहिले तर पाऊल उचलणार नाही, हे त्यांना ठाऊक असते. माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यासाठीही कोणीतरी असेच जागले आहे. आज आपल्या घरी मूल अभ्यासास बसते, तेव्हा त्याच्याजवळ कोण जागे असते, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

जय भीम! नमो बुद्धाय!