नावाचाच कर्नल : एडविन ड्रेक

रॉकेल हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. 'रॉक ऑइल', म्हणजे खडकातले तेल, यावरून तो आला. हे तेल जमिनीला भोक पाडून काढण्याचा मोठा धंदा अमेरिकेत ज्याच्यामुळे उभा राहिला, त्या एडविन ड्रेकची ही हकीकत.

ड्रेकचा जन्म १८१९ साली न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनव्हिल येथे झाला. शिक्षण बेताचेच. हॉटेलात कारकुनी, कापडाच्या दुकानात नोकरी असे करीत तो रेल्वेत कंडक्टर झाला. पहिली बायको बाळंतपणात वारली. १८५७ साली आजारपणामुळे नोकरीही सुटली. राहिला तो फक्त रेल्वेचा फुकट पास.

त्या वेळी पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल गावाजवळच्या ओढ्यावर तेलाचा तवंग येत असे. लोक तो औषध म्हणून गोळा करीत. हे तेल दिव्यात उत्तम जळते, असा अहवाल येल विद्यापीठाचे प्राध्यापक सिलिमन यांनी १८५५ साली दिला होता. देवमाशाचे तेल महाग झालेले, तेव्हा गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. प्रश्न एवढाच की तेल भरपूर काढायचे कसे? जेम्स टाउनसेंड नावाचा बँकवाला आणि ड्रेक एकाच हॉटेलात राहत. टाउनसेंडने त्यालाच पाठविले. प्रवासखर्च नको, ही त्याची मोठी लायकी! गावात वजन पडावे म्हणून टाउनसेंडने पत्रांवर 'कर्नल' ड्रेक असा पत्ता घातला. ड्रेक कधी सैन्यात नव्हता, पण पदवी जन्मभर चिकटली.

मिठाच्या पाण्यासाठी भोके पाडतात तसेच तेलासाठी पाडावे, असे ठरले. १८५९ साली बिली स्मिथ हा लोहार कामावर आला. सोळा फुटांवर गेले तोच भोकात पाणी शिरले आणि माती ढासळू लागली. गावकरी टिंगल करू लागले. मग ड्रेकने लोखंडी नळ आणविला, तो ठोकीत ठोकीत ३२ फुटांवरच्या खडकापर्यंत नेला आणि नळाच्या आतून पुढचे भोक पाडले. माती बाहेर, हत्यार आत. त्याचे खरे श्रेय इथे आहे. बाकू येथे आणि कॅनडात त्याच्या आधी तेलविहिरी झाल्या होत्या, ब्रह्मदेशात तर लोक हातांनी विहिरी खणून तेल काढीत. म्हणून तो जगातला पहिला, असे मी वर्गात सांगत नाही. पण भोकाला नळाचे अस्तर हवे, हा धडा आजही तेल आणि वायूच्या प्रत्येक विहिरीला लागतो. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागले तेव्हाही तो सुटला नव्हता.

खडकातून दिवसाला जेमतेम तीन फूट काम होई. कंपनीचे पैसे संपले. काम बंद करण्याचे टाउनसेंडचे पत्र वाटेत असतानाच, २७ ऑगस्ट १८५९ रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर हत्यार एका फटीत घसरले. दुसऱ्या दिवशी रविवार. सुटी असूनही स्मिथ डोकवायला गेला, तर नळात तेल वर आलेले!

मग एकच झुंबड उडाली. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात सुमारे दोन हजार पिंपे तेल निघाले होते, १८६१ साली वीस लाखांच्या वर. पिंपाचा भाव वीस डॉलरवरून काही सेंटांवर घसरला. ओढ्याकाठच्या जमिनी इतरांनी धरल्या. ड्रेकने नळाच्या युक्तीचे पेटंट घेतले नाही. थोडी जमवलेली पुंजी न्यूयॉर्कच्या सट्ट्यात घालवली. आजारी, कफल्लक अशा त्याला टायटसव्हिलच्या लोकांनी वर्गणी काढून मदत केली. १८७३ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने वर्षाला दीड हजार डॉलर पेन्शन दिले, त्यावर संसार चालला.

९ नोव्हेंबर १८८० रोजी बेथलेहेम गावी तो वारला. पुढे त्याचे अवशेष टायटसव्हिलला आणले गेले. तिथे त्याचे मोठे स्मारक आहे. त्याचा खर्च तेलावर गडगंज झालेल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतील हेन्री रॉजर्स यांनी केला. मधोमध ब्राँझचा एक कामकरी हातोडा उगारून गुडघ्यावर बसला आहे.